रघ्या तांडेलचा डावा हात

३ ऑक्टोबर २०१६, झाई

मला बाप्याचं काम दिलं! बाप्याच्या बायकोचं नाही, बहिणीचं नाही. बाप्याचंच!

चंदर सर डहाणूला कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात नाटकं बसवतात. या वेळी रॉक म्युझिकल. म्हणजे मागे ड्रम, दोन गिटार, आणि जे काय सांगायचं ते गाऊन. नाव ‘आठ माणसांची बोट’. रघ्या तांडेल सात खलाशी घेऊन समुद्रात जातो आणि एकटाच परत येतो. सगळं गाव विचारतं — आमची माणसं कुठं ठेवलीस? तो रघ्या मी.

सहा पुरुष गाऊन गेले माझ्याआधी. मी कोरससाठी आले होते, भिंतीला टेकून उभी. सर म्हणाले, "ती मागची, हळदीला गाते ती. तू गा जरा." गायले. ड्रमवाला मनिष काठ्या मांडीवर ठेवून बघत राहिला. सर म्हणाले, "पुरुषाचं ओरडणं लोकांनी ऐकलंय. हे नाही ऐकलेलं."

शाळेत याच आवाजापायी बाईंनी मला प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पाचवी ते दहावी मी ओठ हलवले. घ्या आता!

५ ऑक्टोबर

घरी सांगितलं. आई बोंबील निवडत होती. म्हणाली, "बापे मेले काय डहाणूतले?"

माझा भाऊ दिपक हसला आणि मग हसायचा थांबला. त्याला बोटीवर चिडवतील म्हणे. बाळ्या नाखवा बोटीचा मालक, तिच्यावर बाबा तांडेल, सुकाणू त्यांच्या हातात, आणि दिपक त्यांच्याच हाताखाली खलाशी. तांडेलाची पोरगी मिशी लावून तांडेल होणार, हे त्याच्या इभ्रतीला सोसत नाही. इभ्रत कधीपासून आली याला?

बाबा काही बोलले नाहीत. ते बोलतच नाहीत. बावीस वर्षं तांडेलकी केली, सगळे शब्द तिकडेच समुद्रावर ओरडून संपवले बहुतेक.

२० नोव्हेंबर

केस कापले. पुरुषांच्या सलूनमध्ये बसून! न्हावी तीनदा विचारतो, "नक्की ना?" जसं काही गळाच कापायचाय.

घोलवडला मी पॅकिंगच्या कामाला जाते, तिथं सगळ्या बायका चिकू सोडून माझ्याकडे बघत बसल्या. हंसाबेन टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अरे रुपल, तू तो हीरो थई गई!" दिवसभरात त्या एकट्याच नीट बोलल्या. मुकादम विचारतो, आता तुला उचलायच्या खोक्यांवर घालू का. घाल की. उचलते.

२१ नोव्हेंबर

उंबरगावचे पाहुणे बघायला येणार होते. आले नाहीत.

१८ डिसेंबर

सर म्हणतात, तुझा तांडेल अजून बाई आहे. आवाज तांडेलाचा, उभं राहणं चिकू निवडणारीचं. खरं आहे, म्हणून जास्त झोंबलं.

बाबांना म्हटलं, एकदा बोटीवर न्या. खाडीच्या तोंडापर्यंत, जाऊन परत. सुकाणूशी कसं उभं राहतात ते एकदा बघू द्या.

"बायमानूस बोटीवर चढत नाय."

"का पण?"

"चढत नाय, बाय."

संपलं. बोटीचं नाव जयलक्ष्मी. ती लक्ष्मी चालते! जाळ्याची भोकं शिवायला बाई चालते. मासळी डोक्यावर वाहायला, वाळवायला, विकायला, भाव पडला की शिव्या खायला बाई चालते. तिथं पाय ठेवला की विटाळ.

ठीक आहे. बंदरावर उभं राहायला तर कोणी अडवत नाही. तिथून बघेन.

२७ डिसेंबर

नऊ दिवस बंदरावर उभी राहून बघतेय. भरतीची वेळ बघून जायचं, मग धावत टमटम पकडून घोलवड. दोनदा उशीर झाला, अर्धी हजेरी लागली. पण मिळाला! तांडेल मिळाला!

पाय सांगत नाही मी, पाय सगळेच फाकवून उभे राहतात. डावा हात. बोट बंदराला लागली की बाबा उजव्या हाताने दोर टाकतात आणि डावा काखेत दाबून धरतात. काखेतून बाहेर आला की त्याचा अंगठा बोटांवर फिरत असतो. सारखा, बारीक. आधी कळेना. मग आठवलं. आई सांगायची, आजोबा बोट लागली की अंगठ्याने बोटांवर माणसं मोजायचे. सगळी आली का. जुन्या तांडेलांची सवयच ती.

बाबा घरातसुद्धा मोजतात! आज मुद्दाम बघितलं. चहा पिताना मोजतात, बातम्या बघताना मोजतात. बोट बांधलेली, सगळे आपापल्या घरी, आणि या माणसाची मोजणी चालूच. पंचवीस वर्षांची झाले मी, आणि बापाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तेही नाटकासाठी. लाज वाटली.

८ जानेवारी २०१७

आज हात केला. सांगितलं नव्हतं कोणाला. माणसं परत मागायचं गाणं आहे शेवटी, त्यात रघ्या नुसता उभा असतो. मी डावा हात काखेतून काढला आणि अंगठा फिरवायला लागले. मनिष ओरडला, "थांबू नको! तसाच ठेव!" आणि त्याने त्या हातावर ठेका धरला. सात ठोके, आठवा रिकामा. मग बास गिटार त्यात आली. हॉलच्या काचा हलल्या. माझ्या अंगठ्यावर अख्खा बँड चालत होता!

सर गाणं संपल्यावर चष्मा पुसत बसले.

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे माझं आहे. चिकू नाही, मासळी नाही, दिपकच्या लग्नाआधी उरकायचं माझं लग्न नाही. हे.

२९ जानेवारी

रोज तालीम. छातीला क्रेप बँडेज गुंडाळून गायचं म्हणजे श्वास पुरत नाही, पण सर म्हणतात सवय कर. वॉचमन सांगत होता, खिडकीबाहेर कोणी म्हातारा बराच वेळ उभा होता, अनवाणी. हटकलं तर निघून गेला. दारुडा असेल कोणीतरी. शेवटचं गाणं चालू असलं की असे दोघंतिघं जमतातच.

३० जानेवारी

बाबा काल इंजिनाचा पट्टा आणायला डहाणूला गेले होते आणि पट्टा न आणताच आले. आई दिवसभर त्यावरून बोलतेय.

९ फेब्रुवारी

पास मिळाले, प्रत्येकाला दोन. पुढची रांग. मागे पेनने नावं घातली, एकावर ‘बाबा’, एकावर ‘आई’. बाबांनी खिशात ठेवला. आई म्हणाली, "मिशीवाली पोर बघायला मी नाय येत." फळीवर ठेवून दिला तिचा पास. येईल. न येऊन जाते कुठे!

१० फेब्रुवारी

फळीवर पास नाही. चुलीत घातला असणार. विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

झाला प्रयोग! काल!

सकाळीच पाळी आली. कमरेत कळा, छातीला पट्टी, वर चिकटवलेली मिशी. आरशात बघून मलाच हसू आलं. कुठला बाप्या असा उभा राहिला असेल! पहिली एन्ट्री झाली तेव्हा मागून शिट्ट्या. "ए मावशी!" वगैरे. मी पहिला सूर लावला आणि शिट्ट्या बंद. अशा बंद की मलाच भीती वाटली.

शेवटच्या गाण्यात हात काढला. सात ठोके, आठवा रिकामा. आणि तेव्हा पुढच्या रांगेत बघितलं. बाबा. त्यांच्या शेजारी आई नाही — बाळ्या नाखवा! नाटकाला त्याने जाळं दिलं होतं मांडायला, म्हणून सरांनी बोलावला असेल. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझा हात बघायचा, मग मान वळवून बाबांचा. परत माझा. बाबांचा हात मांडीवर उघडा होता. काखेत नव्हता. आणि चालू होता. माझ्याबरोबर, त्याच ठेक्यात.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळलं नाही.

परत येताना टमटममध्ये बाबा एकच वाक्य बोलले. "आवाज बरा हाय." बरा!

१४ फेब्रुवारी

कळलं काय चुकलं.

बाळ्या नाखवा घरी आला. हातात नारळ, नवा टॉवेल, टोपी. चहा घेतला, पाय दुमडून बसला, अगदी गोड. "बाबल्यादादा, बावीस वरसं झाली. आता जाळी तेवढी बघा. बोटीला मी दुसरा तांडेल बघतो." आणि टोपी बाबांच्या डोक्यावर ठेवली. सत्कार! माणसाला घरात येऊन संपवायचं आणि वर नारळ द्यायचा.

बाबांनी मान खाली घातली. नाखवा गेल्यावर आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. दिवसा झोपलेले बाबा मी कधी बघितले नाहीत. पार खचले.

दिपक म्हणाला, "तू दाखवलंस. सगळ्या गावासमोर स्पीकर लावून दाखवलंस."

"काय दाखवलं?"

मग सांगितलं त्याने. ते मोजणं नव्हतं. हात वर्षभरापासून हलतो. सुकाणू धरवत नाही. खाडीच्या तोंडाशी, जिथं खडक आहेत, तिथं वर्षभर दिपकच सुकाणू धरतोय आणि बाबा नुसते पुढं उभे राहून ओरडतात. खलाश्यांनासुद्धा नीट माहीत नाही. दिपकला माहीत होतं! बापाला माहीत होतं! आणि मी मूर्ख, त्यावर गाणं केलं.

१५ फेब्रुवारी

आई आज बोलली. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. "बाप्या व्हायचा होता ना तुला? झालीस. घरातला बाप्या घालवलास."

लिहून ठेवतेय. विसरायचं नाही म्हणून.

१७ फेब्रुवारी

बाबांना डहाणूच्या डॉक्टरकडे नेलं. कंपवात. गोळ्या दिल्या. बरा होत नाही म्हणाले, वाढतो.

तिथूनच मी सरांकडे गेले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "नाखव्याला कशाला बोलावलं? एका जाळ्यासाठी माझ्या बापाला विकलंत?" सर म्हणतात, "मी नाही बोलावलं, रुपल. जाळ्याचे आभार मी त्यांना फोनवर मानले." खोटं! मग काय समुद्रातून वर आला तो पुढच्या रांगेत? शिकलेली माणसं खोटंसुद्धा किती शांतपणे बोलतात. काय काय बोलले मी त्यांना, इथं लिहवत नाही.

५ मार्च

वसईला स्पर्धा. नाव आधीच दिलेलं, म्हणून गेले. डावा हात पँटच्या खिशात घालून गायले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मनिष सात ठोके वाजवत होता आणि माझ्याकडे बघत होता, काढ ना हात. नाही काढला.

निकालाच्या वेळी परीक्षकांनी बोलावलं. एक बाई, दोन पुरुष. म्हणाले, "आवाज विलक्षण. पण आमची अडचण समजून घ्या. पुरुष अभिनयाचं बक्षीस पुरुषाला द्यावं लागतं, स्त्री अभिनयाचं स्त्रीभूमिकेला. तुम्हाला कशात बसवायचं?" कशातच नका बसवू हो. मी उभीच बरी. शेवटी ‘विशेष उल्लेख’ दिला. आणि त्याबरोबर काय, तर साडी! मिशी लावलेलीच होती, तशीच स्टेजवर जाऊन साडी घेतली. लोक हसले. फोटो काढला.

साडी आईच्या पुढ्यात टाकली. तिने घडी घालून ठेवली.

२१ मार्च

मुंबईचे दोन निर्माते पहिल्या प्रयोगाचं शूटिंग बघून आलेत. मोठ्या थिएटरात करायचंय. सर मला म्हणाले, झालं ते झालं, तू आहेसच, पण तो हात हवा. हाताशिवाय रघ्या होत नाही.

मी म्हटलं, तो हात माझा नाही.

सर म्हणाले, "मग कोणाचा आहे? रंगमंचावर आणला तो तूच. आता तो रघ्याचा झाला."

तालमीची वही त्यांच्या टेबलावर ठेवून आले. रस्त्यात रडले नाही. घोलवडला नर्सरीजवळ उतरले आणि तिथं रडले.

७ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. चिंचणीहून आणलेल्या तांडेलाने जयलक्ष्मीवर नारळ वाहिला. बाबा बंदरावर बसून जाळं शिवत होते. सुई हातातून सारखी पडते. मी शेजारी बसून दर वेळी उचलून देत होते. ते घेत होते. माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही मला, ते बघत नाहीत हे एक बरंच आहे.

मागे दोन म्हाताऱ्या कुजबुजत होत्या. "हीच ना ती, नाटकवाली?" हो, हीच. केस वाढवले तरी हीच.

१४ जानेवारी २०१८

हंसाबेननी चिकू गुंडाळायच्या रद्दीतून पेपरचं पान काढून दिलं. ‘आठ माणसांची बोट’, मुंबईत चाळीस प्रयोग. रघ्याच्या भूमिकेत कोणी मुंबईची नटी. ‘स्त्रीने तांडेल साकारण्याचं धाडस’. धाडस! आणि खाली, ‘थरथरत्या डाव्या हाताचा कल्पक वापर ही या अभिनेत्रीची खास देणगी.’

देणगी बाबल्या तांडेलची. झाई, तालुका तलासरी. गोळ्या दिवसातून तीनदा.

पान परत त्याच रद्दीत टाकलं. चिकूचा चीक लागला होता त्याला.

२ फेब्रुवारी

दिपकच्या मोबाईलवर त्या नाटकाचा तुकडा आला. तेच शेवटचं गाणं. तो लपवून बघत होता. बाबा म्हणाले, "आन इकडं." मी हातातून मोबाईल काढून घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही. पूर्ण बघितलं. तीन मिनिटं. त्यांचा हात मांडीवर चालू होता.

मग म्हणाले, "हिचा अंगठा चुकतो. तुझा बरोबर होता."

वर्षभरात माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलले. आणि हे बोलले! टोमणा असेल का? टोमणा मारणारा माणूस नाही तो. मला काही समजेना. मी उठून बाहेर गेले आणि वाळत घातलेल्या बोंबलांमधून फिरत राहिले, कुत्रं हाकलायच्या निमित्ताने.

६ फेब्रुवारी

विचारलं त्यांना. "बाबा, राग आहे ना माझा?" त्यांनी कप पुढं केला. चहा सांडत होता, धर म्हणून. धरला.

१९ नोव्हेंबर

त्या नाटकाचे दोनशे प्रयोग झाले. मी खोके उचलते.

२३ फेब्रुवारी २०१९

बाळ्या नाखवा गेला. आज दहावा. आईने जबरदस्तीने पाठवलं, नाहीतर मी त्या दारात पाय ठेवला नसता.

लाडकीकाकी, त्याची बायको, मला आत घेऊन गेली. त्याची पेटी उघडून एक कागद दिला. "तुझा हाय. नाखव्यान जपून ठेवलेला." नाटकाचा पास. मागे माझ्या अक्षरात ‘आई’.

मी बघतच राहिले. काकी म्हणाली, "तुझा बाप आदल्या दिवशी घेऊन आलेला. नाखवा बोलला, मला नाटकाचा काय कळते? तर तुझा बाप बोलला, नाटक नको बघू. पोरीचा डावा हात बघ. सात पोरं हायेत बोटीवर, त्यात एक माझा. मला तोंडान सांगता येत नाय."